गाडीची चावी देण्याआधी

माझ्या भाच्याला स्कूटीची चावी मीच दिली होती. गाडी माझ्या थोरल्या बहिणीच्या नावावर. चार घरचा स्वयंपाक करून ती हप्ते फेडत होती आणि ती नकोच म्हणत होती. "जाऊ दे ना ताई, कोपऱ्यापर्यंतच तर जातो," असे म्हणणारी मी. अकरा वर्षे सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात नर्स म्हणून काम केलेली बाई! मुलगा सतरा वर्षांचा, मागे मित्र, दोघांच्याही डोक्यावर काही नाही. वळणावर रेती सांडलेली होती. त्याने घाबरून पुढचा ब्रेक कचकन दाबला, गाडी घसरली आणि भाजीच्या हातगाडीवर जाऊन आदळली. भाच्याच्या कपाळाला नऊ टाके पडले, मित्राचा हात मोडला आणि भाजीवाल्या काकांच्या घोट्याचे हाड तुटले. काका तीन महिने धंद्यावर जाऊ शकले नाहीत. त्या तीन महिन्यांत त्यांच्या घरी चूल कशावर पेटली ते मला ठाऊक आहे, कारण ते पैसे ताईने भरले. बचत गटातून कर्ज काढून.

हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. आपल्या वस्त्यांमध्ये आता घरोघरी दुचाकी आली आहे आणि ती हौसेची नाही. तिच्यावर कोणी डबे पोचवतो, कोणी पार्सल, कोणी एमआयडीसीतली रात्रपाळी गाठतो. गाडी शिकणे मात्र आपल्याकडे अजून "मित्राने दाखवले, दोन चकरा मारल्या, आली" असेच चालते. केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे मेली आणि त्यांतली चौदा हजारांहून जास्त मागे बसलेली होती. मागे कोण बसते, हे आपण आपल्या घरात पाहावे. बायको, आई, लेकरू.

आधी वय, मग कागद

सोळाव्या वर्षी स्कूटी चालवता येते, असा मोठा गैरसमज आहे. कायदा असे म्हणतो की सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पालकांच्या संमतीने, ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचेच लायसन्स मिळते. आपल्या दारात उभ्या असतात त्या स्कूटी ११० किंवा १२५ सीसीच्या. त्यांना अठरा वर्षे पूर्ण लागतात. अठराच्या आतल्या मुलाने अशी गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. गाडी आईच्या नावावर असेल तर यात आईच अडकते. मुलगा पुढे ड्रायव्हर म्हणून किंवा डिलिव्हरीच्या कामावर लागणार असेल, तर पंचविशीपर्यंत ती वाटही बंद.

दुसरी गोष्ट विम्याची. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि तो समोरच्या जखमी माणसासाठी असतो. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर न्यायाधिकरण अनेकदा विमा कंपनीला भरपाई आधी द्यायला लावते आणि तीच रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देते. म्हणजे विम्याचा हप्ता भरूनही घर डबघाईला. लर्निंग लायसन्स हेही कायद्याने लायसन्सच आहे, फक्त त्याच्या अटी पाळलेल्या असाव्या लागतात.

त्या अटी फार नाहीत. गाडीवर पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा. शिकाऊ माणसाने दुचाकीवर मागे कोणाला बसवायचे नाही. बसलाच तर शिकवणारा आणि त्याच्याकडे पक्के लायसन्स हवे. लर्निंगची मुदत सहा महिने, आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर होतो, आधार असेल तर लर्निंगची परीक्षा घरूनही देता येते. आपल्याकडे पंधरा प्रश्न येतात, नऊ बरोबर आले की पास. सरकारी फी दोनशे रुपयांच्या आसपास. आमच्या वस्तीतल्या मुलांनी कॅफेवाल्याला हजार-दीड हजार दिले आणि परीक्षाही त्यानेच दिली. त्या पंधरा प्रश्नांसाठी जी चिन्हे वाचायची, ती रस्त्यावर कॅफेवाला येऊन वाचून देणार नाही.

चिन्हे ओळखायची सोपी खूण सांगते. लाल कडेचा गोल म्हणजे मनाई किंवा हुकूम. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे धोका आहे, सावध. निळी चौकोनी पाटी म्हणजे माहिती. दोन चिन्हे मुद्दाम वेगळ्या आकाराची केली आहेत, चिखलाने माखली तरी कळावीत म्हणून : आठ कोनांची लाल पाटी म्हणजे पूर्ण थांबा, आणि उलटा त्रिकोण म्हणजे समोरच्या वाहतुकीला आधी जाऊ द्या.

वयाची चाळिशी ओलांडून लर्निंग काढणाऱ्या बायांना डॉक्टरचे प्रमाणपत्रही लागते. ते सही-शिक्क्यापुरते घेऊ नका, डोळे खरोखर तपासून घ्या. मी स्वतः अडतिसाव्या वर्षी स्कूटी शिकले. रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरून दिसायचे, मला वाटे की हे सगळ्यांनाच होते. चष्मा लागला तेव्हा कळले.

मैदानात आठ दिवस

रस्त्यावर जाण्याआधी मैदान. सकाळी पोरे क्रिकेटला येण्याआधी तासभर पुरतो. पहिले दोन दिवस फक्त सुरू करणे, पंधरा-वीस पावले जाणे आणि थांबणे. वेग देणे कोणालाही येते, थांबणे शिकावे लागते.

बहुतेकांना कोणीतरी सांगून ठेवलेले असते की पुढचा ब्रेक दाबू नको, पालथा पडशील. हे अर्धेच खरे आहे. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी थांबवण्याचे जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला तर गाडी लांबपर्यंत जाते किंवा मागचे चाक फरफटते. दोन्ही एकदम दाबायचे, हँडल सरळ ठेवून, ओला कपडा पिळताना जोर वाढवत नेतो तसे हळूहळू वाढवत. वळणात किंवा रेतीवर पुढचा कचकन दाबला की चाक घसरते. माझ्या भाच्याचे तेच झाले. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागेल अशी सोय सक्तीची आहे, पण वस्तीत जुन्या गाड्याच जास्त.

मग आठचा आकडा. पक्क्या परीक्षेत तो काढायला लावतात. इथे नजर चाकाकडे नको, जिकडे जायचे तिकडे हवी. गाडी नजरेमागे जाते. खड्ड्याकडे बघत राहिले की खड्ड्यातच जाते, हे मी अनुभवाने सांगते. पाय फरफटत चालवायची सवय पहिल्या दिवशीच मोडा. घोटे त्यानेच मुरगळतात आणि पाय मागच्या चाकाजवळ जातात. निघण्यापूर्वी स्टँड वर आहे का ते बघायचे. जुन्या गाड्यांत साइड स्टँड खाली राहून डावे वळण घेताना माणसे पडलेली मी पाहिली आहेत.

रस्त्यावर

पहिले दिवस गल्ली, मग दुपारच्या वेळचा मोठा रस्ता. डावी बाजू धरायची, ओव्हरटेक उजवीकडून. सिग्नल नसलेल्या चौकात आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, आणि लहान रस्त्यावरून मोठ्यावर येताना मोठ्या रस्त्यावरच्याचा मान आधी. गोल चौकात जो आधीपासून फिरतो आहे तो आधी. पिवळा दिवा म्हणजे "पळा" नव्हे, थांबण्याच्या रेषेआधी थांबता येत असेल तर थांबायचे. झेब्रावर पायी माणूस पहिला, कारण गाडीला धडकला तर मोडणार तोच.

पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचे? ती गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात "एकशे एक, एकशे दोन" म्हणा. ते म्हणून होण्याआधीच तुम्ही खांबाशी पोचलात, तर फार जवळ आहात. ताशी ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. धोका दिसून बोटे ब्रेकवर येईपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो, ब्रेक तर अजून लागलेलाच नसतो. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नाही, चौपट होते.

सगळ्यात जास्त मी ट्रकबद्दल सांगते. नागपूरचा कामठी रोड असो की कुठलाही हायवे, आपल्या वस्त्या अशा रस्त्यांना लागूनच आहेत. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. त्याच्या अगदी पुढे, अगदी मागे आणि डाव्या कुशीत तो आंधळा असतो. चौकात तो डावीकडे वळतो तेव्हा पुढची चाके रुंद फिरतात, पण मागची चाके आत कापत येतात, फुटपाथच्या कडेपर्यंत. तिथे सापट दिसते म्हणून मुले स्कूटी घुसवतात. अपघात विभागात त्या सापटीतून आलेले पाय मी पाहिले आहेत, सगळे वाचवता आले नाहीत. सिग्नलला ट्रकच्या डावीकडे कधीही उभे राहू नका. मागे थांबा. दोन मिनिटे जातील.

पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते, तेव्हा झेब्राचे पट्टे आणि गटाराची झाकणे साबणासारखी होतात. फोन खिशात ठेवा. हेल्मेटमध्ये कानाशी खोचलेला फोनही फोनच. दारूचे तर सांगायला नको, पण १४ एप्रिलच्या रात्री एका गाडीवर तिघे, एकाच्या हातात झेंडा, अशी आपलीच पोरे दरवर्षी दिसतात. त्या रात्री ड्युटी करायला मला कधी आवडले नाही.

मागे बसणाऱ्या बायांसाठी एक. साडीचा पदर आणि ओढणी बसण्याआधी कमरेला खोचा, नंतर नाही. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे साडी गार्ड नियमानेच बंधनकारक आहे. गाडी देखणी दिसावी म्हणून मुले ते काढून टाकतात. परत बसवून घ्या.

हेल्मेट

४० च्या वेगाने डोके रस्त्याच्या कडेला आपटणे आणि दोन मजली घराच्या गच्चीवरून डोक्यावर पडणे, यात मार सारखाच असतो. गच्चीच्या कठड्यावर आपण लेकराला उभे करत नाही. जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तर हेल्मेटमुळे मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्के कमी होतो. हे पट्टा बांधलेल्या हेल्मेटबद्दल आहे. न बांधलेले हेल्मेट माणसाआधी पडते.

आयएसआय खूण असलेलेच घ्या. जून २०२१ पासून दुचाकीचे दुसरे हेल्मेट विकणेच बेकायदा आहे, तरी फुटपाथवर दोनशे रुपयांच्या टोप्या मिळतातच. घालून डोके हलवा, हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे. पट्ट्याखाली दोन बोटे मावतील एवढेच सैल. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका, आतला थर्माकोल दबला की त्याचे काम संपले. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट लागते. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला त्याच्या मापाचे हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा हवा आणि वेग ४० च्या आत, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

तरीही अपघात झाला तर

१०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. पडलेल्या माणसाला ओढून उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरा आणि सारखा उचलून पाहू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका, मानेचे हाड मोडलेले असू शकते. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे आणि उलटी होते आहे, अशा वेळी डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर वळवा. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती पोलीस किंवा दवाखाना करू शकत नाही, कायद्याने त्याला संरक्षण आहे.

घरी चालत आलेल्या माणसाकडे दोन दिवस लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा उलटी, न उठणारी झोप, वाढती डोकेदुखी, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, एक बाहुली मोठी दिसणे, यांतले काहीही दिसले तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. "सकाळी बघू" म्हणून थांबलेली घरे मला आठवतात.

खर्चाचेही माहीत असू द्या. ५ मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत, गाडीच्या अपघातातील जखमीवर नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता होतात. अपघाताची पोलिसांत नोंद हवी, म्हणून आपसात मिटवण्याची घाई करू नका. आम्ही ती केली होती. गाडी ठोकून पळाली आणि तिचा पत्ता लागला नाही, तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर जखमीसाठी ५०,००० रुपये मिळतात. पोलीस तक्रारीची प्रत घेऊन तहसील किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करायचा.

भाजीवाले काका आता पुन्हा त्याच वळणावर गाडी लावतात, थोडे लंगडतात. भाचा अठरा पूर्ण होऊन चार महिने झाल्यावर लर्निंग काढायला गेला. फी त्याने स्वतःच्या पैशांनी भरली. गाडीची चावी अजून ताईच्या कमरेला असते. सकाळी सहाला ती मैदानावर स्वतः जाते आणि तिथेच त्याच्या हातात देते.