मधुमेही विद्यार्थ्याच्या मनावरील ताण

११ जानेवारी १९२२ रोजी टोरँटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास इन्शुलिन प्रथम टोचण्यात आले. तत्पूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. आज ती आपल्या वर्गात बसून शिकतात. इन्शुलिनने आयुष्य दिले. परंतु मनावरचा भार मुलासच वाहावा लागतो.

सातवी-आठवीच्या वयात इतरांसारखे असण्याची ओढ प्रबळ असते. रोज सुई टोचणे, रक्त तपासणे, वेळेवर खाणे यांमुळे आपण निराळे ठरतो, या संकोचाने मुलगा आजार लपवितो व प्रसंगी इन्शुलिनही चुकवितो. शिवाय वयात येताना होणाऱ्या शारीरिक बदलांमुळे पथ्य पाळूनही साखर वाढते. अशा वेळी दोष दिल्यास तो खचतो.

शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात. मुलाची व पालकांची संमती घेऊन, हा आजार संसर्गाने वा गोड खाल्ल्याने जडलेला नाही, हे वर्गास समजावून सांगावे. इन्शुलिन टोचण्यास आडोसा द्यावा. तास चालू असताना खाण्यास, पाणी पिण्यास व लघवीस जाण्यास मुभा असावी. कवायत व सहल यांतून त्यास वगळू नये.

अंग थरथरणे, घाम येणे, गोंधळणे ही साखर उतरल्याची चिन्हे होत. त्वरित तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी; १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपल्यास तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्यावे.

साखरेची चौकशी अनेकजण करतात; मनाची विचारपूस शिक्षकाने करावी.