चाचणी नशेची हवी की सवयीची?
कामगारांसाठी अमली पदार्थांची चाचणी निवडताना आधी ठरवावं, जाणून काय घ्यायचंय? लाळेतून साधारण गेल्या एक-दोन दिवसांतलं सेवन कळतं, केसांतून सुमारे ९० दिवसांचं. नियमित गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत अंश कित्येक आठवडे सापडतात. पण कामावर असताना तो नशेत होता का, हे त्यातून समजत नाही. म्हणून क्रेनचालकासाठी लाळेची चाचणीच मला रास्त वाटते. दीर्घ मुदतीच्या चाचणीचा धाक मोठा, हा आक्षेप खरा. पण तो धाक सुट्टीतल्या वागण्यावर बसतो, पाळीतल्या सुरक्षिततेची खात्री देत नाही. शिवाय अनारशावरच्या खसखशीनेही लघवीत मॉर्फिन उतरू शकतं. म्हणूनच अमेरिकेने १९९८मध्ये सरकारी नियमांतल्या चाचण्यांसाठी अफूजन्य पदार्थांची मर्यादा मिलिलिटरमागे ३०० वरून २००० नॅनोग्रॅम केली. प्रयोगशाळेत फेरतपासणी होऊन डॉक्टरांनी आहार-औषधांची विचारपूस करेपर्यंत कुणाच्याही नोकरीला हात लावू नये.