नियम मोडणाऱ्या क्रियापदांचे नियम

१९७५ साली इटलीत ‘फांतोत्सी’ नावाचा विनोदी चित्रपट आला. पाओलो विलाज्जो या नटाने रंगवलेला कारकून फांतोत्सी आणि त्याचा कचेरीतला सोबती फिलिनी दाट धुक्यात टेनिस खेळायला उतरतात. सर्व्हिस कोणी करायची हे विचारताना फिलिनी ‘बात्ती’ म्हणतो. फांतोत्सी चपापतो, कारण ‘बात्ती’ हे ‘तू’ला लावायचे रूप, आणि हे दोघे तर एकमेकांना अहो-जाहो करणारे. आपण आदरानेच बोललो, असा खुलासा फिलिनी करतो. मग हा ‘कोंजुंतिवो’, म्हणजे आदराच्या आज्ञेला लागणारा क्रियापदाचा प्रकार, असणार, अशी फांतोत्सीची समजूत पटते आणि खेळ पुढे सुरू होतो. खरे आदरार्थी रूप आहे ‘बात्ता’. शेवटचा एक स्वर चुकला, एवढाच विनोद. पण इटालियन माणसे आजही त्यावर हसतात. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात जहाजाच्या जलावतरणाच्या प्रसंगी ‘वादा’ऐवजी ‘वादी’ ऐकू येते, तेव्हाही हशा तितकाच.

फिलिनीचे क्रियापद निदान नियमित होते. ‘वादा’ ज्यातून येते ते ‘आंदारे’, म्हणजे जाणे, नियमितही नाही. ‘मी जातो’ला ‘वादो’, ‘तू जातोस’ला ‘वाई’, ‘तो जातो’ला ‘वा’. आणि ‘आम्ही जातो’ म्हणायची वेळ आली की एकदम ‘आंदियामो’. मग ‘आंदाते’, आणि शेवटी पुन्हा ‘वान्नो’. इटालियन शिकायला बसलेला माणूस पहिल्या काही दिवसांतच या कोष्टकापाशी अडखळतो आणि हे सगळे घोकल्याशिवाय गत्यंतर नाही, असे त्याला वाटू लागते.

पसारा मोठा आहे, यात शंका नाही. मराठी व्याकरणात क्रियापदाला स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे ‘अर्थ’ मानतात. इटालियन व्याकरण असे सात मानते. वस्तुस्थिती सांगणारा ‘इंदिकातिवो’, शंका, इच्छा किंवा मत यांसाठी ‘कोंजुंतिवो’, अटीवर अवलंबून असलेल्या गोष्टीसाठी ‘कोंदित्सियोनाले’, आज्ञेचा ‘इंपेरातिवो’, शिवाय पुरुषाप्रमाणे न बदलणारे तीन. एकट्या इंदिकातिवोत आठ काळ. साहाय्यक क्रियापद लावून होणारे संयुक्त काळ बाजूला ठेवले, तरी एका क्रियापदाची पन्नासेक रूपे होतात. ‘आरे’, ‘एरे’ आणि ‘ईरे’ या शेपटांवरून क्रियापदांचे तीन गण पडतात. त्यांतला ‘आरे’ गण सर्वांत मोठा आणि सर्वांत शहाणा: आंदारे, दारे, स्तारे, फारे हे चौघे आणि त्यांना उपसर्ग लागून झालेली क्रियापदे सोडली, तर तिथे कोणी वेडेवाकडे वागत नाही. खरी दंगल ‘एरे’ गणात.

मराठी माणसाने यावर फार कुरकुर करू नये. ‘जाणे’चे ‘जाला’ न होता ‘गेला’ होते, ‘करणे’चे ‘केला’, ‘मरणे’चे ‘मेला’, ‘येणे’चे ‘आला’. शेजारच्या राज्यातून आलेला माणूस ‘मी काम करले’ म्हणतो तेव्हा त्याची चूक तर्काला धरून असते, आपलेच रूप तर्काबाहेरचे असते. आणि ही सगळी क्रियापदे रोजच्या वापरातली आहेत. अनियमितपणा टिकतो तो इथेच. सतत तोंडी असलेले रूप जसेच्या तसे पुढच्या पिढीकडे जाते. क्वचित लागणारे रूप विसरले जाते आणि लोक ते नियमाने नवे घडवून घेतात. इटालियनमधले असणे, जाणे, करणे, देणे, येणे, सांगणे, पिणे ही सगळी अनियमित आहेत ती याच कारणाने. त्यांचे नियम हरवलेले नाहीत, ते फक्त जुने आहेत.

आंदारेचेच पाहा. ‘वादो’ हे लॅटिनच्या ‘वादेरे’ या धातूचे वंशज, ‘आंदारे’ वेगळ्या कुळातले. दोघांनी काम वाटून घेतले ते उच्चारातल्या जोरावर. जिथे जोर धातूवर पडतो तिथे ‘वा’, जिथे तो शेपटावर सरकतो तिथे ‘आंद’: आंदि-या-मो, आं-दा-ते. हीच किल्ली बऱ्याच कुलपांना लागते. बाहेर जाणे म्हणजे ‘उश्शीरे’: ‘एस्को’, पण ‘उश्शामो’. मरणे म्हणजे ‘मोरीरे’: ‘मुओयो’, पण ‘मोरियामो’. लागणे किंवा भाग पडणे म्हणजे ‘दोवेरे’: ‘देवो’, पण ‘दोब्बियामो’. जोर हलला की स्वर बदलतो. उश्शीरेतला ‘उ’ तर दारातून आला. लॅटिन ‘एक्सीरे’मध्ये तो नव्हता, दाराला जुना इटालियन शब्द ‘उश्शो’, त्याच्या संगतीने तो चिकटला.

दुसरी किल्ली जुन्या नावाची. ‘फारे’, ‘दीरे’, ‘बेरे’ ही करणे, सांगणे, पिणे यांची आक्रसलेली नावे. लॅटिनमध्ये ती ‘फाकेरे’, ‘दीकेरे’, ‘बिबेरे’ होती. नाव झिजले तरी आतली रूपे जुन्या नावाला धरून राहिली: ‘फाचेवो’, ‘दीचेवो’, ‘बेवेवो’. जुने नाव ठाऊक असले की अपूर्ण भूतकाळात यांच्यात काही अनियमित उरत नाही. त्या काळात खरोखर हट्टी असे एकच क्रियापद आहे, ‘एस्सेरे’ म्हणजे असणे.

कोंजुंतिवोची दहशत इटलीतल्या शाळकरी पोरांनाही असते. लोरेंझो बाल्योनी या गायकाने २०१८ साली सान रेमोच्या गाण्यांच्या महोत्सवात, नव्या गायकांच्या गटात, कोंजुंतिवोवरच गाणे सादर केले होते. पण वर्तमानातला कोंजुंतिवो बांधायला ‘मी’चे रूप पुरते. ‘वादो’वरून ‘वादा’, ‘वेंगो’वरून ‘वेंगा’, ‘दीको’वरून ‘दीका’, ‘पोस्सो’वरून ‘पोस्सा’. मी, तू, तो या तिघांनाही तेच एक रूप. अपवाद मुख्यतः पाच: सीया, आब्बिया, साप्पिया, दीया, स्तीया. अनोळखी माणसाला आदराने ‘सरळ जा’ सांगायचे तर आज्ञार्थही इथूनच उसना घेतात, म्हणून ‘वादा’. आणि म्हणूनच त्या ‘वादी’वर हशा.

भविष्यकाळाची गोष्ट मराठी कानाला ओळखीची वाटेल. बोलताना ‘करतो आहे’चे आपण ‘करतोय’ करून टाकतो. लॅटिनोत्तर काळातल्या लोकांनीही असेच केले. ‘गाणे’ आणि ‘माझ्याकडे आहे’ हे दोन शब्द, म्हणजे ‘कांतारे हाबेओ’, इतक्या वेळा शेजारी आले की त्यांचा एकजीव होऊन ‘कांतेरो’, मी गाईन, असे रूप तयार झाले. भविष्यकाळाची शेपटे म्हणजे ‘आवेरे’ (जवळ असणे) या क्रियापदाचे अवशेष. त्यामुळे तिथे शेपट कधीच बिघडत नाही, फक्त मधला सांधा आवळला जातो: ‘आंदारे’चे ‘आंद्रो’, ‘वेनीरे’चे ‘वेर्रो’, ‘वोलेरे’चे ‘वोर्रो’. संकेतार्थात, म्हणजे कोंदित्सियोनालेतही, तोच सांधा, फक्त जोडीला आवेरेचा भूतकाळ. ‘कांतेरेब्बे’ म्हणजे ‘तो गायला असता’ नव्हे, ‘तो गाईल, जर...’, त्यातले ‘एब्बे’ म्हणजे आवेरेचेच भूतकाळी रूप. इटलीतल्या कुठल्याही कॉफीच्या दुकानात नम्रपणे मागताना वापरतात ते ‘वोर्रेई’, ‘मला हवे होते’, हे याच घरचे.

एस्सेरेत एका नावाखाली तीन धातू नांदतात. ‘सोनो’ आणि ‘ए’ ही लॅटिनच्या ‘सुम’, ‘एस्त’ची, म्हणजे संस्कृतच्या ‘अस्मि’, ‘अस्ति’ची भावंडे. भूतकाळातले ‘फुई’ हे ‘भू’ धातूच्या नात्यातले. त्याच ‘भू’पासून आपले ‘होणे’ आले. आणि ‘स्तातो’ हे ‘स्था’शी जुळणारे. संस्कृतातही ‘अस्’ला काही रूपे कमी पडतात आणि तो ‘भू’कडून घेतो, पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्रच केले आहे. संस्कृत आणि इटालियन यांतले साम्य लिहून ठेवणाऱ्या पहिल्या युरोपियनांत एक इटालियनच होता. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लोरेन्सचा व्यापारी १५८३ साली कोचीनला उतरला आणि १५८८ साली गोव्यात वारला. देवाला ‘दिओ’, सापाला ‘सेर्पे’, शिवाय सहा, सात, आठ, नऊ हे आकडे आपल्या भाषेशी जुळतात, असे त्याने मायदेशी पाठवलेल्या पत्रात नोंदवले. याच साम्याबद्दलचे सर विल्यम जोन्स यांचे कलकत्त्यातले प्रसिद्ध भाषण त्यानंतर दोनशे वर्षांनी झाले.

उरला ‘पास्सातो रेमोतो’, दूरचा भूतकाळ. इतिहास, चरित्रे, कादंबऱ्या याच काळात लिहितात. दांते १२६५ साली फ्लोरेन्सला जन्मला, हे सांगायला ‘नाक्क्वे’ लागते. इथे अनियमितपणाची ठरलेली चाल आहे. सहा रूपांपैकी तीनच बिघडतात: मी, तो आणि ते. लिहिणे घ्या: स्क्रिस्सी, स्क्रिवेस्ती, स्क्रिस्से, स्क्रिवेम्मो, स्क्रिवेस्ते, स्क्रिस्सेरो. इथेही जोराचाच हिशेब: तो धातूवर पडला तिथे लॅटिनचे जुने रूप टिकले, बाकीच्या ठिकाणी ते सरळ झाले. एस्सेरे वगळता जवळजवळ सगळीकडे हेच. ‘एब्बी’, ‘तेन्नी’, ‘वोल्ली’ यांतले जोडाक्षर म्हणजे लॅटिनच्या ‘हाबुई’, ‘तेनुई’, ‘वोलुई’मधल्या ‘उ’ने मागे ठेवलेली खूण.

बोलण्यातला भूतकाळ मात्र संयुक्त असतो आणि तिथे मराठी माणूस इंग्रजाच्या पुढे असतो. तो गेला, ती गेली, ते गेले, त्या गेल्या. इटालियनही ‘आंदातो, आंदाता, आंदाती, आंदाते’ असे लिंगवचन पाळते. ‘चिठ्ठी? ती मी लिहिली’ यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. चिठ्ठीऐवजी सर्वनाम आधी आले की इटालियनमध्येही ‘स्क्रित्तो’चे ‘स्क्रित्ता’ होते. मराठीत ही सवय लहानपणीच लागलेली असते.

कोष्टकेच्या कोष्टके छापणारी पुस्तके बाजारात भरपूर आहेत आणि शिकणाऱ्याला ती निष्कारण घाबरवतात. वहीत एका क्रियापदाची सहा रूपे लिहावीत: मी, तू, आम्ही, भविष्यकाळ, दूरचा भूतकाळ आणि भूतकाळवाचक विशेषण. ‘येणे’साठी वेंगो, वियेनी, वेनियामो, वेर्रो, वेन्नी, वेनूतो. बाकीची बहुतेक रूपे यांतून आणि मूळ नावातून काढता येतात. क्रम मात्र गाव पाहून ठरवावा. उत्तर इटलीत बोलताना दूरचा भूतकाळ फारसा कानावर पडत नाही, म्हणून मिलानला जाणाऱ्याने तो वाचण्यापुरता शिकला तरी पहिले वर्ष निभावेल. सिसिलीत सकाळी घडलेली गोष्टही याच काळात सांगतात. पालेर्मोला जाणाऱ्याने ‘वेन्नी’ आणि ‘फुई’ आधी पाठ करावेत.