भूत की माणूस? तपासाच्या दोन वाटा

अतिमानवी घटनांचा तपास करणाऱ्या नायकाची कथा भूतकथा आणि गुप्तहेरकथा यांच्या संगमातून जन्मली. गुप्तहेरकथेत शेवटी सगळा उलगडा व्हावा लागतो. भूतकथेत उलगडा पुरा झाला की भीती संपते. या ओढाताणीत तोल सांभाळायचा तर कथा छोटी हवी. कादंबरीच्या लांबीवर वाचकाला भूत आहे की नाही हे फार आधी कळून चुकते.

प्रारंभीचा इतिहास सर्वज्ञात आहे. शेरिडन ल फानू या आयरिश लेखकाने १८७२ च्या संग्रहात डॉ. हेसेलियस आणला, अल्जर्नन ब्लॅकवुडने १९०८ मध्ये डॉ. जॉन सायलेन्स. पुढे अमेरिकेत सीबरी क्विनने ज्यूल्स द ग्रांदँच्या नव्वदहून अधिक कथा लिहिल्या, पण त्यांतल्या बऱ्याच एकाच साच्याच्या आहेत. हेसेलियस आणि सायलेन्स हे मुळात वैद्य. समोरचा माणूस पछाडलेला आहे हे ते जवळजवळ गृहीत धरतात.

विल्यम होप हॉजसनचा थॉमस कार्नाकी मात्र काहीच गृहीत धरत नाही. त्याच्या पहिल्या कथा १९१० मध्ये 'आयडलर' मासिकात आल्या आणि १९१३ मध्ये सहा कथांचे पुस्तक निघाले. हॉजसन एप्रिल १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात आघाडीवर मारला गेला. कार्नाकी दारांना मोहरा लावतो, कॅमेरा लावून बसतो, खडूने मंडल आखतो आणि त्यात निर्वात नळ्यांचा विजेवर चालणारा पंचकोन पेटवतो. तपासाअंती कधी खरेच काहीतरी अमानवी निघते, तर कधी घर रिकामे राहावे म्हणून माणसांनी रचलेला बनाव. एका कथेत प्रार्थनाघरात आपोआप उडणारा खंजीर निव्वळ यांत्रिक सापळा ठरतो.

त्याची सर्वांत चांगली कथा अदृश्य घोड्याची. एका घराण्यात पहिली मुलगी जन्मली, तर तिचे लग्न ठरताच अदृश्य घोडा तिचा पिच्छा पुरवतो अशी वंदता असते. टापा ऐकू येतात, मुलीच्या वाग्दत्त वरावर हल्ला होतो. कार्नाकी शोध लावतो तेव्हा मुलीवर जीव जडलेला एक नातलग हे सोंग करत होता असे निष्पन्न होते. तो कबुली देतो. पण त्याच रात्री त्याच्या नसलेल्या टापा वाजतात, आणि सोंग करणारा स्वतःच त्या घोड्यासमोर जीव गमावतो. अपराधी सापडला तरी भूत नाहीसे झाले नाही! दोन्ही प्रकारांना एकाच वेळी न्याय देणारी इतकी नेटकी रचना या क्षेत्रात क्वचितच सापडते.

बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्यायांनी वेगळी वाट काढली. त्यांच्याकडे सत्यान्वेषी ब्योमकेश होता आणि भुतांवर ठाम विश्वास असणारा वरदाही. 'ब्योमकेश ओ वरदा' या कथेत त्यांनी दोघांना मुंगेर शहरात समोरासमोर आणले. खिडकीत दिसणारे भूत उंच काठ्यांचे पाय (रणपा) लावलेला माणूस निघतो. वरदाची श्रद्धा मात्र शाबूत राहते, आणि लेखक त्याची टिंगल करत नाही.

मराठीत ही दोन घरे वेगळीच राहिली. बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाड आणि झुंजारच्या जगात रहस्यामागे माणूस असतो. नारायण धारपांनी (१९२५–२००८) अतिमानवी बाजू घेतली. त्यांचे समर्थ हे मराठीतले या प्रकारचे खरे नायक, आणि आप्पा जोशी त्यांचे वॉटसन. पीडित माणूस येतो, हकिगत सांगतो, समर्थ शांतपणे प्रश्न विचारतात. ही सुरुवात थेट गुप्तहेरकथेची आहे. पण समर्थांना भूत की माणूस हा पेच फारसा पडत नाही. त्यांचे सामर्थ्य साधनेचे आहे आणि कथेचा भर संकटाचे स्वरूप ओळखून त्याच्याशी झुंजण्यावर. मराठी वाचकाच्या मनात सत्पुरुषाला असलेली जागा धारपांनी अचूक हेरली, आणि समर्थांचे आगमन होताच जो धीर वाटतो तो कार्नाकी कधीच देत नाही. त्याची किंमत म्हणून शंका गेली. तपासकथा म्हणून पाहता हे नुकसान मोठे आहे.

ती शंका महाराष्ट्रात कथेबाहेर जिवंत राहिली. भानामतीची धास्ती विदर्भ-मराठवाड्याला जुनी आहे आणि तेलंगणात ती बाणामती म्हणून ओळखली जाते. भानामतीत वाळत घातलेले कपडे पेटतात, घरावर दगड पडतात, अंगावर फुल्या उमटतात. कार्नाकीला बोलावणे धाडावे अशीच ही प्रकरणे.

त्यांच्या तपासाला अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने शिस्त आणली. श्याम मानव यांची अखिल भारतीय समिती १९८२ मध्ये, तर नरेंद्र दाभोलकरांची महाराष्ट्र समिती १९८९ मध्ये सुरू झाली. कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतात. प्रकार कोण घरी असताना घडतात, कोण परगावी गेल्यावर थांबतात, हे जुळवतात. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर डाग आणि फोड उठतात, पिवळा फॉस्फरस हवेत आपोआप पेट घेतो, हे त्यांना ठाऊक असते. करणारी व्यक्ती बहुधा घरातलीच असते, आणि पुष्कळदा घुसमटलेली. मग ते गुप्तहेरकथेच्या अगदी उलट वागतात. सर्वांना दिवाणखान्यात जमवून अपराध्याकडे बोट दाखवण्याऐवजी नाव गुप्त ठेवले जाते, त्या व्यक्तीला समजावले जाते, गरज पडल्यास मानसोपचार मिळवून दिले जातात. भानामती थांबते, कोणी केली हे गावाला कळत नाही.

यामागे करुणेइतकीच सावधगिरीही आहे. भुताचा संशय मारहाणीपर्यंत जातो. म्हणूनच डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलेच कलम भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे अशा कृत्यांचे आहे. दाभोलकरांची हत्या त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात झाली.

जिच्या शेवटी तपास करणाराच उत्तर दडवतो, अशी कथा कार्नाकीच्या किंवा ब्योमकेशच्या मालिकेतही सहसा मिळणार नाही. तिचा कच्चा माल मराठी मुलखात पडून आहे. धारपांची भीती आणि भानामतीच्या तपासाची शंका एकत्र आणणारी वीस पानांची कथा दिवाळी अंकांच्या संपादकांनी लेखकांकडून आवर्जून मागवावी.