कर्करोगाचा जमाखर्च

रोग हा राव आणि रंक असा भेद जाणत नाही, असे म्हणतात. परंतु रोगावरील उपचार मात्र हा भेद पदोपदी जाणतो. वैद्यकशास्त्रात आमची गती नाही. आयुष्य धान्याच्या अडतीवर गेले. तथापि जमाखर्च आम्हांस वाचता येतो, आणि तोच आम्ही आपल्या सभासद बंधुभगिनींपुढे मांडीत आहोत.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील कर्करोग्यास बहुधा हैदराबाद किंवा नागपूर गाठावे लागते. हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, नागपूर सुमारे २००. हैदराबादेत १९५५ साली स्थापन झालेले मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय गरिबांचा मोठा आधार आहे. २००७ साली सुरू झालेल्या आरोग्यश्री योजनेची मर्यादा तेलंगण सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये १० लाख रुपयांपर्यंत वाढविली. मग गरिबाचे अडते कोठे?

ते अडते वरखर्चात. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालतात. यंत्रापुढे रुग्ण रोज काही मिनिटेच असतो. पण तेवढ्यासाठी महिना-दीड महिना परक्या शहरात राहावे लागते. सोबतीस घरचे एक माणूस हवे. दोघांची मजुरी बुडते. खोलीचे भाडे, जेवण, जाणे-येणे हे बहुतांशी घरातूनच जाते.

आमच्या अडतीवरील एका मापाड्याच्या गालात व्रण झाला. उपचार विनामूल्य होता. तरी तिसऱ्या आठवड्यात तो परत आला. म्हणाला, “शेठजी, औषध फुकट आहे, राहणे फुकट नाही.” अडतीवरील मंडळींनी वर्गणी करून त्यास पुन्हा पाठविले, पण मधले अठरा दिवस वाया गेले. असा खंड रोगाच्याच पथ्यावर पडतो, असे डॉक्टर म्हणाले. तो वाचला नाही.

आता औषधांच्या दराकडे वळू. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील एका औषधास महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडत. मार्च २०१२ मध्ये सरकारने हैदराबादच्या नॅटको कंपनीस ते बनविण्याचा सक्तीचा परवाना दिला, आणि तेच औषध ८,८०० रुपयांत मिळू लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफा ३० टक्क्यांवर मर्यादित करावा लागला. शेकडा दोन-तीनवर तूर-ज्वारी विकणाऱ्या आम्हांस ती मर्यादाही उदार वाटते!

ठोक खरेदीचे बळ आपण जाणतोच. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ पासून चाललेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील काही रुग्णालयांनी ४० औषधांची एकत्रित बोलणी केली, तेव्हा पूर्वीच्या दरांच्या तुलनेत २३ ते ९९ टक्के बचत झाली. एकट्याने मागितला तो भाव निराळा, दहाजणांनी मिळून मागितला तो निराळा. हा बाजाराचा जुनाच नियम रोग्याच्या उपयोगी पडला.

औषधाचा भाव ठरविणे आपल्या हाती नाही. वरखर्चाचा भार उचलणे मात्र आहे. मुंबईत परळ येथे नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून परगावच्या रुग्णांच्या निवाऱ्याची सोय पाहत आली आहे. आपल्या संघाने हैदराबादेत रुग्णालयाजवळ चार खोल्या भाड्याने घ्याव्यात, रुग्ण व सोबत्याचे दोन वेळचे जेवण व गाडीभाडे द्यावे, आणि जात-धर्म न पाहता मार्केट यार्डातील हमाल, मापाडी, आदिवासी शेतकरी यांस प्रथम स्थान द्यावे. शिवाय वर्षातून एकदा यार्डातच सर्वांच्या तोंडाची तपासणी करवावी. तंबाखूची सवय येथे कोणास नवी नाही.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्या परंपरेने सांगितली आहेत. अशा एका खोलीत त्यांपैकी तीन एकाच वेळी घडतात. दिवाळीच्या वहीपूजनास नव्या खातेवहीत या कामाचे एक पान प्रत्येक पेढीने उघडावे, एवढीच आमची विनंती.