शाळा बंद, भाषा कुठे?

भाषा माणसाच्या डोक्यात असते की माणसामाणसांत? आज हा प्रश्न एका उदाहरणातून पाहू.

फ्रान्सच्या पश्चिमेला ब्रिटनी हा प्रांत. तिथे १९७७ पासून ‘दिवान’ शाळा चालतात. ब्रेटन भाषेत दिवान म्हणजे अंकुरणं. आपल्या दिवाणाशी त्याचा संबंध नाही, बरं का! मुलं आधी ब्रेटनमधून शिकतात, फ्रेंच वाचन-लेखन नंतर येतं. मैदानात, जेवतानाही ब्रेटनच.

आता बघा. १६ मार्च २०२० पासून करोनामुळे फ्रान्समधल्या शाळा बंद झाल्या. धडे, गृहपाठ पडद्यावरून पाठवता येतात. पण अनेकांच्या घरी ब्रेटन कुणालाच येत नाही. मग मुलानं भांडायचं, चिडवायचं, आपला डाव मागायचा तो कुठल्या भाषेत? शब्द शिक्षक देतात, ते वापरात राहतात सवंगड्यांमुळे. व्हिटगेन्स्टाइन भाषेला जगण्याच्या रीतीशी जोडतो, ते याच अर्थानं.

११ मेपासून शाळा हळूहळू उघडल्या, पण अंतर राखून. नोव्हेंबरपासून सहा वर्षांच्या मुलांनाही मास्क आला. नवी भाषा शिकणारं मूल तर बोलणाऱ्याचे ओठ बघत असतं.

साथ चालू असतानाच, २१ मे २०२१ ला, फ्रान्सच्या संविधान परिषदेनं सार्वजनिक शिक्षणातली ही पद्धत घटनेत बसत नाही असा निर्णय दिला. प्रादेशिक भाषा शिकवायला हरकत नव्हती. हरकत होती ती शाळेतल्या शिकवण्याची आणि रोजच्या बोलण्याची भाषा तीच असण्याला. म्हणजे साथीनं जे तात्पुरतं हिरावलं, नेमकं तेच कायद्यालाही खुपलं. तासापुरती उरलेली भाषा किती दिवस जगेल, हा प्रश्न मराठी शाळांसमोरही आहेच.