रानभुईमुगाची वेल व आपली खुरासणी

गेल्या वर्षी वणीच्या बाजारात एक गृहस्थ एका परदेशी वेलीची रोपे विकावयास आले होते. ह्या वेलीच्या बियांचे तेल सोन्याच्या भावाने विकते, एकदा लागवड केली की कित्येक वर्षे उत्पन्न येते व सर्व माल आम्हीच परत विकत घेऊ, असे त्यांचे सांगणे होते. डोंगराकडील दोघातिघा शेतकऱ्यांनी आम्हांस येऊन विचारले, ‘भाऊसाहेब, घ्यावीत काय?’ आमची सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेली. वनस्पतिशास्त्राचे शिक्षण आम्हांस नाही. तथापि कागद तपासल्यावाचून सही करू नये, ही सवय अंगी मुरलेली असल्याने आम्ही माहिती जमवू लागलो. तिचे सार येथे देत आहो.

ह्या वेलीस ‘साचा इंची’ म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील पेरू देश व ॲमेझॉन नदीचे खोरे हे तिचे माहेर होय. तिकडील क्वेचुआ भाषेत ‘साचा’ म्हणजे रान व ‘इंची’ म्हणजे भुईमूग; तेव्हा आपण तिला रानभुईमूग म्हणावयास हरकत नाही. कूळ मात्र एरंडाचे. फळ चांदणीच्या आकाराचे असून त्याच्या प्रत्येक पाकळीत एक बी असते. बियांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल व सुमारे चतुर्थांश प्रथिने असतात. ह्या तेलाचा जवळजवळ अर्धा भाग ‘ओमेगा-३’ नामक स्निग्धाम्लाचा असतो व तिची कीर्ती त्यामुळेच झाली आहे. बी कच्चे खाऊ नये, भाजून खावे.

ही झाली गुणांची बाजू. आता गरजा पाहू. वेलीस द्राक्षाप्रमाणे मांडव किंवा तारा लागतात. तिला ओल बारमाही हवी, पण मुळाशी पाणी साचलेले मुळीच सोसत नाही. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रव तिला फार होतो. ती उष्ण व दमट हवेतली. आपल्याकडे पौष-माघात थंडीची लाट येते तेव्हा द्राक्षबागाईतदार रात्री शेकोट्या पेटवितात, हे ध्यानात घ्यावे. ज्याला विहीर आहे, तारा आहेत व नुकसान सोसण्याची ऐपत आहे, त्याने एखाद्या गुंठ्यात प्रयोग करून पाहावा. ज्याचे रान डोंगरउतारावर व पाणी केवळ पावसाचे, त्याने कर्ज काढून ह्या फंदात पडू नये.

परदेशी म्हणून आम्ही तिला नाके मुरडीत नाही. भुईमूग, मिरची व आपल्या तालुक्याला पैसा देणारा टोमॅटो हे सारे अमेरिका खंडातूनच आले. आमचा प्रश्न इतकाच, की जी वस्तू आपण दाम मोजून बाहेरून आणू पाहतो, तिचे काम करणारी वस्तू घरात आहे की नाही?

ओमेगा-३ हवे असेल तर ते जवसात आहे. जवसाच्या तेलातही त्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते, आणि जवसाची चटणी आपल्या आजीपणजीस ठाऊक होती. डोंगरउतारावरच्या तेलबियांचे म्हणाल, तर ते स्थान खुरासणीचे. तिलाच कारळा किंवा रामतीळ म्हणतात. तीही मूळची पाहुणीच. अबिसीनियातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, ती फार पूर्वी इकडे आली. सूर्यफुलाच्या कुळातली ही वनस्पती सुरगाणा, पेठ, इगतपुरीच्या उतारांवर व आपल्या दिंडोरीच्या पश्चिम भागात पिकत आली आहे. वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी व मग जमीन पड, असा जुना फेर असे. पीकपाहणीचे उतारे तपासताना खुरासणीची नोंद वर्षानुवर्षे आखडत गेलेली आम्ही स्वतः पाहिली आहे.

खुरासणीच्या बियांत शेकडा ३५ ते ४० तेल व सुमारे २० प्रथिने असतात. तिच्या तेलात ओमेगा-३ नगण्य आहे. मुख्य भाग ‘लिनोलेइक’ नामक दुसऱ्या आवश्यक स्निग्धाम्लाचा आहे. खोटा गुण आम्ही तिला चिकटवीत नाही. तेल लवकर खवट होते, म्हणून थोडे थोडे काढावे. पेंड दुभत्या जनावरांस उत्तम. चटणीविषयी वाचकांस काय सांगावे! बी परदेशी पाखरांच्या खाद्यासाठीही निर्यात होते.

लागवडीची रीत अवघड नाही. आषाढ-श्रावणात, म्हणजे जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पेरावे. हेक्टरी पाच किलो बी पुरते. ते बारीक असल्याने वाळू मिसळून ३० सेंटिमीटर अंतराच्या ओळींत टाकावे व पुढे विरळणी करावी. फेकून पेरण्याची जुनी खोड सोडावी. हेक्टरी २० किलो नत्र दिल्यास पीक उपकार फेडते. अमरवेल हा मोठा शत्रू. तिचे बी खुरासणीच्या बियांत मिसळून येते, यास्तव पेरण्यापूर्वी बारीक चाळणीने चाळावे व रानात वेल दिसताच ग्रासलेल्या झाडासह उपटून जाळावी. सुमारे शंभर दिवसांत बोंडे काळपट होतात. तेव्हाच कापणी करावी, विलंब झाल्यास दाणा गळतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे इगतपुरी येथील संशोधन केंद्र ह्याच पिकावर काम करते. ‘सह्याद्री’ व ‘फुले कारळा’ हे वाण तेथलेच. बियाण्याची चौकशी तेथे करावी.

एक गोष्ट मात्र विशेष सांगावयाची. खुरासणीचे फूल स्वतःच्या परागाने फळत नाही; एका झाडाचा पराग दुसऱ्यावर न्यावयास मधमाशी लागते. माशी नसेल तर पिवळे रान डोळ्यांस सुखवील, पण बोंडे पोकळ राहतील. शेजारच्या बागेत भरदिवसा विषारी औषध फवारले, तर डोंगरकडच्या गरिबाचा दाणा जातो आणि त्याचे कारण त्याला कळतही नाही. बागाईतदार बंधूंनी फवारणी सायंकाळी करावी व फुलोऱ्याच्या दिवसांत शेजाऱ्यास आधी सूचना द्यावी. बांधावर सातेरीच्या दोनचार पेट्या ठेवल्यास दाणाही वाढेल आणि मधही मिळेल.

भावाचे म्हणाल, तर २०२५-२६ च्या खरिपासाठी सरकारने कारळ्याची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ९,५३७ रुपये जाहीर केली, सोयाबीनची ५,३२८. परंतु देशात कारळ्याचे सरासरी उत्पन्न हेक्टरी तीन क्विंटलांच्या आसपासच आहे, आणि जाहीर भाव व हाती पडणारा भाव ह्यांत अंतर असते. पायलीपायलीने माल घेऊन जाणाऱ्यास भाव सांगण्याचे बळ नसते. यास्तव दहा घरांनी माल एकत्र करून विकावा.

त्या तिघांस आम्ही हेच सांगितले. एकाने हौसेने पाच वेली लावल्या, दोघांनी उतारावर खुरासणी पेरली. रोपे विकणारे गृहस्थ पुन्हा बाजारात दिसले नाहीत. वेलींचे काय होते ते पुढे कळेलच. आम्हांस तिचे वैर नाही. परंतु कोणताही व्यवहार करण्यापूर्वी ‘माल कोण घेणार, कोणत्या भावाने, आणि तसा लेखी कागद कोठे आहे’ हे तीन प्रश्न विचारावेत, एवढी आमची सर्व बंधूंस विनंती आहे.